हेडफोनला ॲम्प लागतो का, आणि लागलाच तर कोणता?

"भाऊ, तीनशे ओहमचा हेडफोन मागवला, पण मोबाइलला लावला तर आवाजच येईनालाय. ॲम्प घेऊ का?" लातूर-नांदेडकडून असे फोन येतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा एखादा ॲम्प निवडूनही ठेवलेला असतो. त्याला फक्त 'हो घे' ऐकायचं असतं. कधी त्याला खरंच ॲम्प, म्हणजे हेडफोनला जोर देणारा ॲम्प्लिफायर, लागतो. कधी दोन हजारांच्या डाँगलवर, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी लावून हेडफोन जोडायच्या छोट्या तुकड्यावर, भागतं. आणि कधी दोष घरातल्या अर्थिंगचा निघतो, तिथे कितीही भारी ॲम्प आणला तरी घूं-घूं तशीच राहते. यातलं आपलं काय आहे, ते एका कागदावरच्या आकडेमोडीत कळतं. तीच इथे क्रमाने मांडतो.

एक बाब आधीच मोकळी करतो. हेडफोन ब्लूटूथचा असेल तर वाचायची गरज नाही. त्याच्या पोटातच डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारी चिप) आणि ॲम्प दोन्ही असतात, बाहेरून काही जोडून वायरलेस आवाज सुधारत नाही. लातूरला नीटच्या तयारीला राहिलेली पोरं दिवसभर लेक्चर ऐकतात, त्यांनाही ॲम्प नको. ३२ ओहमचा साधा वायरवाला हेडफोन कुठल्याही फोनवर पुरेसा वाजतो.

खोक्यावरचे दोन आकडे

हेडफोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. पहिला इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये. चर्चा सगळी पहिल्याची होते, पण निकाल लावतो तो बहुतेक वेळा दुसरा. हायफायमॅनचा जुना एचई-६ अवघा ५० ओहमचा होता. नुसता ओहम पाहून कुणीही म्हणेल, फोनवर चालेल. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल, म्हणजे इतकी कमी की लोक त्याला चक्क स्पीकरचा ॲम्प जोडायचे.

सेन्सिटिव्हिटी वाचताना एका खाचेत पाय अडकतो. काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. दोन्ही 'डेसिबल'च, पण तुलना थेट करता येत नाही. एकेजी के७०२ वर १०५ डेसिबल छापलेलं असतं, सेनहायझर एचडी ६०० वर ९७. वाटतं, एकेजी किती सोपा! पण एकेजीचा आकडा व्होल्टचा आहे आणि सेनहायझरचा मिलिवॅटचा. दोन्ही व्होल्टमध्ये आणले तर १०५ आणि १०२ होतात. फरक आठचा नव्हता, तीनचाच होता.

मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं तर इम्पिडन्सप्रमाणे ठरावीक डेसिबल मिळवायचे: १६ ओहमला १८, ३२ ला १५, साठेकला १२, २५० ला ६, ३०० ला ५, ६०० ला २. अधलेमधले आकडे अंदाजाने घेतले तरी चालतात, इथे अर्ध्या डेसिबलने काही बिघडत नाही. पुढचा सगळा हिशोब मी 'एका व्होल्टला किती डेसिबल' यावरच करतो, कारण फोन, डाँगल आणि ॲम्प शेवटी व्होल्टच देतात.

किती मोठा आवाज हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबलपर्यंत ऐकणं सुरक्षित. आवाज ९० वर नेला तर तेच ४० तास ४ वर येतात. मग आपल्याला ८० चीच तयारी पुरे ना? नाही. ८० ही सरासरी झाली. गोंधळाच्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये संबळावर काठी पडते तो क्षण सरासरीच्या २०-२५ डेसिबल वर जातो आणि लगेच खाली येतो. तेवढ्या क्षणापुरते व्होल्ट ॲम्पकडे नसले तर काठीचा टणका बोथट होतो, फाटतो. म्हणून हिशोब ११० डेसिबलचा धरायचा. ऐकायचं मात्र ७५-८० च्या आसपासच.

आता ११० मधून हेडफोनचा 'एका व्होल्टला' आकडा वजा करा. बाकी शून्य उरली तर एक व्होल्ट पुरतो. दर ६ डेसिबलला व्होल्ट दुप्पट होतात, दर २० ला दहापट. बाकी उणे आली तर त्याच प्रमाणात कमी.

एचडी ६०० चे १०२ आहेत, बाकी ८, म्हणजे अडीच व्होल्ट. बेयरडायनामिक डीटी ९९० प्रो, २५० ओहमचा, मिलिवॅटला ९६, व्होल्टला १०२, त्यालाही अडीचच. के७०२ ला १.८ व्होल्ट. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ३८ ओहम आणि ९९ डेसिबलचा, व्होल्टला ११३ पडतात, त्याला ०.७ व्होल्टमध्ये सगळं मिळतं. मिलिवॅटला १०५ देणारा १६ ओहमचा इअरफोन तर ०.२ व्होल्टवरच कान बधिर करील. आणि तो एचई-६? ४.७ व्होल्ट.

व्होल्ट कळले की त्यांना ओहमने भागा, करंट मिळतो. एचडी ६०० ला अडीच व्होल्ट लागतात पण करंट फक्त ८ मिलिअँपिअर. हायफायमॅन सुंदराला उलटं: १.२ व्होल्ट पुरतात, पण करंट ३३ मिलिअँपिअर. एचई-६ ला दोन्ही लागतात, करंट जवळजवळ ९५. आपल्याकडे बोअरची मोटर घेताना दुकानदार आधी खोली विचारतो आणि मग किती पाणी काढायचं ते. तीनशे फुटांच्या बोअरला जास्त स्टेजचा पंप लागतो, पाणी थोडं असलं तरी चालतं. उथळ विहिरीतून भरपूर पाणी उपसायचं तर पंप वेगळा. जास्त ओहमचा डायनॅमिक (नेहमीच्या कॉइलचा) हेडफोन हा खोल बोअर आहे, सुंदरासारखा प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) म्हणजे उथळ विहीर. ॲम्प घेताना आपल्या हेडफोनला दाब हवा की प्रवाह, एवढं तरी दुकानात जाण्याआधी माहीत पाहिजे.

तुमच्या फोनकडे काय आहे

३.५ मिमीचा जॅक असलेले बहुतेक फोन अर्धा ते एक व्होल्ट देतात. जॅक नसेल तर टाइप-सी डाँगल आलाच. पैठण गेटच्या मोबाइल मार्केटात किंवा गंजगोलाईतल्या दुकानात 'टाइप-सी टू जॅक' मागितलं की शे-दीडशेची वायर हातात पडते. तिच्या आत डॅक आहे का, हे विचारा. काही वायरी नुसत्या जोडणीच्या असतात, आत चिप नसते, आणि कित्येक फोनवर त्या मुळीच वाजत नाहीत. दुकानदाराला सांगता आलं नाही तर तिथेच स्वतःच्या फोनला लावून पाहा.

ॲपलचा टाइप-सी डाँगल हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सरळ माल. एक व्होल्ट, स्वच्छ आवाज. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याची युरोपसाठीची आवृत्ती अर्धाच व्होल्ट देते. आणि पुष्कळ अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण व्हॉल्यूमला जातच नाही, कारण डाँगलच्या आतला व्हॉल्यूम खालीच अडकून बसतो. यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं थेट डाँगलशी बोलणारं ॲप हा अडथळा काढतं, पण तेवढ्या एका ॲपपुरता; यूट्यूबला तो राहतोच. अँड्रॉइडवाल्याने म्हणून दुसरा डाँगल पाहिलेला बरा. दोन व्होल्ट देणारे बरेच आहेत, आणि ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकमधून (यात दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या असतात) चार व्होल्ट देणारेही.

आता तुमचा हिशोब आणि हा आकडा शेजारी ठेवा. एम५०एक्सला ०.७ व्होल्ट हवेत आणि फोन एक देतो. इथे ॲम्पवर खर्च केलेला पैसा वाया. त्याच पैशात नवे इअरपॅड घ्या; जुने पॅड चपटे होऊन कानाभोवतीची फट वाढते तेव्हा बेस जेवढा जातो, तेवढा कुठलाही ॲम्प परत आणत नाही. एचडी ६०० ला अडीच हवेत आणि फोन एक देतो, म्हणजे ८ डेसिबलची तूट. पण ही तूट कमाल आवाजातली आहे. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला ती जाणवणारही नाही. दोन व्होल्टच्या डाँगलवर ती दोन डेसिबलवर येते, आणि माझ्या मते बहुतेकांनी तिथेच थांबावं. टेबलावरचा मोठा ॲम्प एचई-६ सारख्या, व्होल्ट आणि करंट दोन्ही मागणाऱ्या अवघड मालासाठी.

ॲम्पच्या जाहिरातीतले मिलिवॅट

'३२ ओहमला १००० मिलिवॅट!' ऐकायला जबरदस्त. वॅटला ओहमने गुणा आणि वर्गमूळ घ्या, व्होल्ट मिळतात: १ गुणिले ३२, वर्गमूळ साधारण ५.७. हेच ५.७ व्होल्ट तीनशे ओहमवर गेले की पॉवर भरते फक्त १०७ मिलिवॅट. म्हणजे ॲम्प वाईट झाला का? नाही, एचडी ६०० ला अडीच व्होल्टला वीसेक मिलिवॅटच लागतात. नऊशे मिलिवॅट कुठे गेले म्हणून भांडत बसू नका. उलट एखादा ॲम्प ३२ ओहमला १०० मिलिवॅटच देत असेल तरी तो १.८ व्होल्ट देतो, आणि तीनशे ओहमच्या हेडफोनला तीनच डेसिबल कमी पडतात.

व्हॉल्व्हच्या ॲम्पचं गणित उलटं असतं. ट्रान्सफॉर्मर नसलेला ओटीएल ॲम्प व्होल्ट भरपूर देतो, करंट कमी. तीनशे आणि सहाशे ओहमच्या हेडफोनवर तो छान वाजतो. सुंदरासारख्या प्लॅनरवर दम तोडतो. शिवाय तो तापतो, आणि परभणीच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून ऐकायचं असेल तर ही किरकोळ गोष्ट नाही. हौस असेल तर जरूर घ्या. मी पहिला ॲम्प म्हणून तो सुचवत नाही.

तिसरा आकडा, जो कुणी सांगत नाही

ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा. हा हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, असा साधा नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा खाली. १६ च्या इअरफोनला २ किंवा खाली. चांगले डाँगल आणि आजचे बहुतेक ॲम्प एका ओहमच्या आतबाहेर असतात, त्यांची चिंता नको. अडचण येते ती जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या आणि भजनी मंडळाच्या मिक्सरच्या हेडफोन जॅकवर. स्टिरिओ ॲम्पमध्ये स्पीकरचाच आवाज मोठ्या रेझिस्टरमधून हेडफोनला दिलेला असतो. एकेकाळी आंतरराष्ट्रीय मानकातच १२० ओहमची शिफारस होती, तिचाही हा वारसा.

हा आकडा मोठा असला की नेमकं काय बिघडतं? हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६०० नावाला ३०० ओहमचा, पण १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. १२० ओहमच्या ॲम्पवर लावला की त्या भागातला आवाज बाकीच्यापेक्षा साधारण एक डेसिबल उचलला जातो, डग्गा जरा जाड वाटतो. काहींना ते आवडतं, आणि आवडलं तर आवडलं. पण आत तीन-चार बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले ड्रायव्हर) असलेला इअरफोन असेल, मधल्या स्वरांना १६ ओहम आणि वरच्या स्वरांना ५, तर १० ओहमच्या ॲम्पवर वरचा भाग पाच डेसिबलने खाली बसतो. झांज आणि टाळ गोणपाटाआड गेल्यासारखे होतात आणि माणूस इअरफोनला शिव्या देतो. प्लॅनरचा इम्पिडन्स मात्र जवळपास सपाट असतो, त्यांना या भानगडीचा फारसा उपद्रव नाही.

कागदावर आकडा नसेल तर घरी मोजता येतो. मल्टिमीटर लागेल, पण सगळ्यात स्वस्तातला पिवळा नको. त्यावर एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते आणि अर्धा व्होल्ट त्यावर धड दिसत नाही. एसीची दोन किंवा सहा व्होल्टची रेंज असलेला मागून आणा. फोनवर टोन जनरेटर ॲपमधून ५० हर्ट्झचा साइन टोन लावा (साधे मीटर याच वारंवारतेच्या आसपास खरं बोलतात). हेडफोन काढून ठेवा. ३.५ मिमीची जुनी ऑक्स वायर मधोमध कापा, एका टोकाचा जॅक ॲम्पमध्ये घाला, आणि दुसरीकडे सोललेली ग्राउंडची तार व डाव्या बाजूची तार मीटरला लावा. व्हॉल्यूम असा ठेवा की मीटर ०.५० दाखवेल. आता त्याच दोन तारांवर ३३ ओहमचा रेझिस्टर धरा, रुपया-दोन रुपयांत रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. वाचन ०.४४ वर आलं समजा. घट ०.०६, तिला ०.४४ ने भागा, ३३ ने गुणा: साडेचार ओहम. वाचन हललंच नाही तर आउटपुट इम्पिडन्स नगण्य आहे, विषय संपला. तारा एकमेकींना चिकटू देऊ नका.

घूं-घूं, सूं-सूं आणि आपली वीज

आवाज मोठा आहे, हिशोब जुळला आहे, तरी मागे घूं-घूं येते. इथे पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांपेक्षा आपला मामला वेगळा असतो.

लॅपटॉपला डॅक-ॲम्प जोडला असेल तर पहिली चाचणी एकच: चार्जर काढा. घूं-घूं लगेच गेली तर दोष चार्जर आणि अर्थिंगचा, ॲम्पचा नाही. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट भिंतीवर असतो, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. वायरमनला फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. फेज-अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत असेल तर ठीक. उन्हाळ्यात हे आकडे बिघडतात, कारण मुरूम-खडकातला अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायची जुनी पद्धत अजून उपयोगाची आहे. घूं-घूं घालवायला अर्थची पिन कापायची युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नका. आवाज जाईल, पण बॉडीला करंट आला तर वाट तुमच्या अंगातून निघेल.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हाही एक चोर. पंखा पाचवर किंवा बंद केल्यावर चर्रर्र थांबली तर चोर सापडला. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टेबलाचा ॲम्प हमखास भुणभुणतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी, आणि फोन-डाँगल जोडीला तो नाहीच, ती बॅटरीवर चालते. भारनियमनाच्या गावात राहणाऱ्याने टेबलाच्या ॲम्पऐवजी बॅटरीवाला घ्यावा, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

सूं-सूं वेगळी. ती गाणं बंद असतानाही सारखी ऐकू येते आणि बहुधा नाजूक इअरफोनवरच. तगड्या ॲम्पला नाजूक इअरफोन जोडल्याचा हा परिणाम. ॲम्पवर गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचं, बटण असेल तर 'लो'वर टाका.

बॅलन्स्ड हवं का?

बॅलन्स्ड जॅकमधून साधारण दुप्पट व्होल्ट मिळतात, म्हणजे ६ डेसिबल. तुमचा हिशोब साध्या जॅकवर तुटीत असेल तर कामाचं. नसेल तर वेगळ्या वायरीचा खर्च फुकट. एक धोका ठळक अक्षरांत लिहून ठेवावा असा: ॲम्पच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून साध्या ३.५ जॅकवर येणारा ॲडाप्टर कधीही वापरू नका. डाव्या-उजव्या चॅनेलच्या उणे तारा त्यात एकत्र जोडल्या जातात आणि ॲम्पचं आउटपुट शॉर्ट होतं. उलटा ॲडाप्टर, म्हणजे बॅलन्स्ड वायरीचा हेडफोन साध्या आउटपुटला जोडणारा, निर्धोक.

घेण्याआधी ऐकून पाहताना

दोन ॲम्प शेजारी ठेवून ऐकलं की जो किंचित मोठा वाजतो तो 'भारी' वाटतो. अर्ध्या डेसिबलच्या फरकानेही कान फसतो. म्हणून ५० हर्ट्झचा टोन लावून, हेडफोन जोडलेला असतानाच, मीटरवर दोन्हीकडे सारखे व्होल्ट आणा आणि मगच ऐका. ऐकायला ओळखीचं रेकॉर्डिंग घ्या. तानपुऱ्यावर मंद खर्ज चालू असताना मागची घूं-घूं लगेच उघडी पडते. संबळ किंवा हलगी मोठ्या आवाजात लावली की व्होल्ट कमी पडतात का ते कळतं. सारख्या आवाजात फरक ऐकूच आला नाही तर स्वस्तातला घ्या, आणि यात कमीपणा काही नाही. आउटपुट इम्पिडन्स कमी आणि व्होल्ट पुरेसे असलेले दोन चांगले ॲम्प सारखेच वाजले पाहिजेत.

जुना ॲम्प घेत असाल तर व्हॉल्यूमची गुंडी अगदी खालून हळूहळू वर फिरवा. खर्र-खर्र आली तर पॉट (गुंडीमागचा बदलता रेझिस्टर) घाण झालाय किंवा झिजलाय. अगदी खाली असताना आवाज एकाच कानात येत असेल तर तो पॉटच्या दोन बाजूंमधला फरक. स्वस्त पॉटमध्ये तो नव्यातही असतो. मोठ्या हेडफोनवर गुंडी बरीच वर असते, तिथे त्याचा त्रास नाही. इअरफोनवाल्याने मात्र असा ॲम्प लो गेनवर टाकूनही गुंडी मध्यापर्यंत येत नसेल, तर परत करावा. पैसे देण्याआधी शेवटचं एक: ॲम्प चालू-बंद करून पाहा, हेडफोन हातात धरून, कानावर नाही. मोठा धप्प आवाज आला तर आउटपुटवर डीसी येत असण्याची शक्यता आहे. गुंडी शून्यावर ठेवून, सिग्नल न देता, मीटर डीसीवर लावून आउटपुट मोजा. पन्नासेक मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर तो ॲम्प हेडफोनला लावू नका.